प्रश्न कोणाला विचारला होता?

तू वैभववाडीची. करूळ घाटाच्या पायथ्याशी वाढलेली, पाळी तीन-तीन महिने पुढे जाणारी, हनुवटीवरच्या केसांनी हैराण झालेली बावीस वर्षांची मुलगी. पण कल्पना कर, आत्ता साल १९३५ आहे आणि तू शिकागोच्या मायकल रीज रुग्णालयात खाटेवर आहेस. डॉ. स्टाइन आणि डॉ. लेव्हेन्थाल यांनी तुझ्यासारख्या सात बायकांचं ऑपरेशन केलं आहे. दोन्ही अंडाशयांचा मोठा भाग कापून काढला आहे. सातही जणींची पाळी परत येते, दोघींना दिवस जातात. दुखणं, ज्याला आज पीसीओएस म्हणतात, अंडाशयात दिसतं, म्हणून इलाज सुरीचा. तुझ्या रक्तातल्या साखरेची आणि इन्शुलिनची चौकशी इथे कोणी करत नाही.

आता १९८०. अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरात बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची हे डॉक्टर अशा बायकांचं रक्त तपासतात. पुरुषी संप्रेरकं जास्त, तिथे इन्शुलिनही जास्त. पुढच्या काही वर्षांत धागा उलगडत जातो. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. तेच वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन बनवायला भाग पाडतं, आणि बीज पूर्ण पिकून फुटत नाही. त्याच १९८० साली तुझं गाव अजून रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तिथे तुझ्यासारखीला ओटीवरून एकच उत्तर मिळतं, ‘लगीन झाला काय सगळा बरा होतला.’

१९९८. नेस्लर आणि जाकुबोविच यांच्या चाचणीत तू नाव नोंदवलं आहेस. मधुमेहाची मेटफॉर्मिन, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ३५ दिवस. तुझ्या हातावर औषध पडतं आहे की नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, हे तुला सांगितलेलं नाही. पोटात मळमळतं, तरी तू गोळी चुकवत नाहीस. ठरलेल्या दिवशी दंड पुढे करतेस आणि रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं जातं. बीज सुटलं की नाही, ते त्यावरून कळतं. निकाल येतो. मेटफॉर्मिनच्या ३५ जणींपैकी १२ जणींचं बीज आपसूक सुटलं, प्लासिबोच्या २६ जणींपैकी फक्त एकीचं. बाकीच्यांपैकी ज्यांना बीज सुटण्यासाठीचं क्लोमिफेनही दिलं, त्यांत मेटफॉर्मिनच्या २१ पैकी १९ जणींना यश आलं, प्लासिबोच्या २५ पैकी दोघींना. तुला रडू फुटतं. दोष तुझ्या नशिबाचा नव्हता, हे पहिल्यांदाच आकड्यांत दिसतं आहे.

पण थांबू नकोस. ट्रॉग्लिटाझोन हे मधुमेहाचंच, शरीराला इन्शुलिनला दाद द्यायला लावणारं दुसरं औषध. ४१० बायकांवर त्याची चाचणी झाली, पाळीत आणि बीज सुटण्यात सुधारणा दिसली. ती २००१ मध्ये छापून येईपर्यंत औषध अमेरिकेच्या बाजारातून गेलंही होतं. मधुमेहाच्या रुग्णांत त्याने यकृत निकामी केल्याच्या घटना घडल्या होत्या. गुण येतो एवढ्यावर गोळी सुरक्षित ठरत नाही.

२००७. आता मूल हवं असलेल्या ६२६ बायका, आणि मोजायचं बीज नव्हे, जन्मलेलं बाळ. क्लोमिफेन घेणाऱ्यांत २२.५ टक्के, दोन्ही औषधं घेणाऱ्यांत २६.८ टक्के, नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ७.२ टक्के. औषध तेच, पण विचारलेला प्रश्न बदलला आणि उत्तरही बदललं.

आता मुंबई. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. हे दुखणं ठरवण्याच्या रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, आणि त्यांतल्या सुमारे ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. १९९८ च्या त्या ६१ बायका मात्र सगळ्या लठ्ठ होत्या. कल्पनेत तू त्यांच्यात होतीस, पण तुझा सडसडीत बांधा त्या आकड्यांत कुठेच नव्हता.

म्हणून वैभववाडीच्या ग्रामीण रुग्णालयात मेटफॉर्मिनची चिठ्ठी हातात पडेल तेव्हा संकोच करू नकोस, विचार. ही गोळी माझ्या साखरेसाठी, पाळीसाठी की मुलासाठी? मूल हवं असेल तर आज लेट्रोझोल आधी दिलं जातं, हे तुला ठाऊक असू दे. जेवणासोबत घ्यायची का, जीवनसत्त्व बी-१२ कधी तपासायचं, तेही विचार. मला मनापासून वाटतं, पुढची मोठी चाचणी तुझ्यासारख्या सडपातळ कोकणी मुलींना घेऊन, अशाच तालुक्याच्या ओपीडीत, मराठी संमतीपत्रावर व्हायला हवी. तिथे सही करण्याआधी समोरच्या डॉक्टरांना विचार, ‘तुम्ही नेमकं काय मोजणार आहात, आणि निकाल मला कधी कळवणार?’