शेवटची कधी घेतली?

थरथरणारा, बरळणारा माणूस रिक्षातून उतरवून अपघात विभागात आणला, की ड्यूटीवरचे डॉक्टर नातेवाइकांना आधी एकच विचारतात : शेवटची कधी घेतली? यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुणी म्हणतं परवा. कुणी म्हणतं, नाही हो साहेब, त्यानं सोडलीय आता. हे दुसरं उत्तर ऐकलं की डॉक्टरांचे हात भराभर चालायला लागतात.

पुढे जो माणूस भेटेल तो एक नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेकांचा मिळून मी तो उभा केलाय, म्हणून त्याला नावही दिलं नाही. तारखा मात्र खऱ्या आहेत, आणि तासांचा हिशेब वैद्यकशास्त्राचा आहे.

तास ०. शनिवार, २१ मार्च २०२०, रात्री १०

वय चव्वेचाळीस, यंत्रमाग कामगार. वीस वर्षांची सवय. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज रात्री, आणि गेली सहा-सात वर्षं सकाळी उठल्या उठल्याही. देशी संत्र्याची क्वार्टर, कधी हात आखडला तर हातभट्टीचा फुगा. जेवण नावालाच. पाय संध्याकाळी सुजतात, डोळे पिवळट दिसतात. 'लिव्हर गेलंय त्याचं,' असं गल्ली म्हणते. दारू म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना लिव्हर तेवढं आठवतं. मेंदूचा हिशेब कुणी मांडत नाही.

उद्या जनता कर्फ्यू. एक दिवसाचा प्रश्न म्हणून त्यानं अर्धी क्वार्टर सकाळच्या उताऱ्यासाठी पत्र्याच्या पेटीमागे ठेवली. तो झोपल्यावर बायकोनं ती शोधली आणि मोरीत ओतली. बुधवारी पाडवा होता, त्यांच्या घरी उगादी. सणापुरता तरी माणूस शुद्धीत असावा, एवढंच तिच्या मनात होतं. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तास ९. रविवार, सकाळी ७

जाग आली ती हात कापत. हे रोजचंच. रोज पेटीमागे हात जायचा, दोन घोट पोटात गेले की पंधरा-वीस मिनिटांत हात स्थिर. उतारा म्हणतात तो हाच. आज पेटीमागे काही नाही, आणि कर्फ्यूमुळे गल्लीच्या तोंडापर्यंत शुकशुकाट.

हात का कापतात? मेंदूत लगाम खेचणारं एक रसायन आहे, गाबा. टाच मारणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू लगाम घट्ट करते आणि टाच सैल करते, म्हणून प्यालेला माणूस सैलावतो, त्याला झोप येते. पण वर्षानुवर्षं रोज दारू येत राहिली की मेंदू तिचा बंदोबस्त करतो : लगामाला दाद देईनासा होतो आणि टाचेला हुळहुळा होतो. समोरून वारं असताना सायकलवाला पुढे झुकून पायडल मारतो ना, तसं. वारं अचानक पडलं की तो तोंडावर आपटतो. रविवारी सकाळी सात वाजता वारं पडलं होतं.

घाम, मळमळ, छातीत धडधड. बायकोनं लिंबूपाणी दिलं, त्यानं ते ओकलं.

तास १९. रविवार, संध्याकाळी ५

गल्ली दारात उभी. थाळ्या, पातेली, कुणीतरी देवळातली घंटा आणली होती. मुलगा ताट वाजवत होता. हा आत भिंतीला टेकून, दोन्ही हात कानांवर. साध्या आवाजानं अंगावर काटा, उजेड नको, पंख्याचं वारं नको. चहाचा कप ओठांपर्यंत जाईना. बशीत ओतून, बशी दोन्ही हातांत धरून प्यायला, निम्मा बनियनवर.

'बघ, एक दिवस नाही मिळाली तर काय हाल,' सासू म्हणाली. त्या बोलण्यात थोडं समाधानही होतं. घरात दारू न येता दिवस मावळला, असं कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं.

तास २७. रविवार, रात्री १

पूर्व भागात राहिलेल्याला मागाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, तो हवेसारखा असतो. त्या रात्री सगळे माग बंद. आणि याला मात्र खटखट ऐकू येत होती. बारीक, एकसारखी, भिंतीपलीकडून. 'कारखाना चालू आहे का गं?' त्यानं विचारलं. बायको नाही म्हणाली. 'माहितेय,' तो म्हणाला, 'तरी ऐकू येलालंय.'

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. भास होत होता आणि तो भास आहे हे त्याला कळत होतं. बारा ते चोवीस तासांच्या पुढे काहींना असे आवाज, आकृत्या सुरू होतात, पण भान शाबूत असतं. भान सुटण्याची वेळ अजून यायची असते.

तास ३६. सोमवार, सकाळी १०

मोरीकडे जाताना पडला. दात आवळलेले, हातपाय ताठ, मग झटके, तोंडाला फेस. मिनिट-दीड मिनिट. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे कांदा फोडून नाकाला लावला, एकानं चप्पल हुंगवली. चमचा दातांत घालायचा प्रयत्न झाला, त्यात ओठ फाटला. झटके थांबले ते आपसूक थांबले. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही. श्रेय कांद्याला मिळालं.

मग तो दोन-तीन तास गाढ झोपला. उठल्यावर पाणी मागितलं, दोन घास भात खाल्ला. घरानं सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मते सगळा घात या दुपारी झाला. दारू तुटल्यावरची फेफरं बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि ज्यांना ती येऊन उपचार मिळत नाहीत, त्यांतल्या साधारण तिघांपैकी एकाची गाडी पुढच्या, खऱ्या धोक्याच्या टप्प्यावर जाते. सोमवारी दुपारी दोन वाजता तो शुद्धीत होता, चालत होता, रिक्षात बसू शकत होता.

पण त्याच संध्याकाळी राज्यभर संचारबंदी जाहीर झाली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. सिव्हिलला जायचं म्हणजे पोलीस, कोरोना, खोकणारी माणसं. 'आता बरा आहे की,' असं ठरलं.

इथे जरा थांबतो. त्या आठवड्यात देशभर काय होऊ घातलं होतं याचा अंदाज फार थोड्यांना होता. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू पिणारे सुमारे सोळा कोटी निघाले होते, आणि तिच्यावाचून शरीरच चालू नये अशा अवस्थेतले तीन कोटींच्या आसपास. एका आठवड्यात सगळ्यांची बाटली एकदम बंद झाली. केरळात दारू न मिळाल्यानं आत्महत्या झाल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश तिथल्या सरकारनं ३० मार्चला काढला. डॉक्टरांच्या संघटना भडकल्या आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयानं आदेशाला स्थगिती दिली. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. या दुखण्यावर औषध आहे, आणि ते दारूच्या दुकानात मिळत नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ च्या टाळेबंदीत, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारूऐवजी सॅनिटायझर प्यालेले सात जण दगावले.

आपल्या जिल्ह्यातही बाटली एकदम बंद व्हायला महामारीच लागते असं नाही. हातभट्टीवर धाड पडते, गूळमिश्रित रसायनाची पिंपं ओतून दिली जातात, पेपरात फोटो येतो. २०२१ मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी मुळेगाव तांड्यापासून 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं, त्यात दारू गाळणाऱ्या घरांना दुसरा धंदा मिळवून देण्याची खटपट होती. नुसत्या धाडीपेक्षा ते केव्हाही शहाणपणाचं. गाळणाऱ्याचा विचार झाला. त्या फुग्यावर जगणारा गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कुठल्या तासावर उभा असतो, हा विचार अजून कुणाच्या योजनेत मी पाहिला नाही. पंढरपूरला जाऊन माळ घालणाऱ्यांचंही तसंच. माळेनं सुटलेले लोक मी पाहिलेत, त्यांच्याविषयी आदर आहे. पण माळ घातल्याच्या तिसऱ्या रात्री घरात कोण जागं असतं, हेही विचारायला हवं.

तास ५८. मंगळवार, सकाळी ८

अंग तापलं होतं. बायकोला त्यानं बहिणीच्या नावानं हाक मारली. मग स्वतःच्या मांडीवरून काहीतरी झटकायला लागला. 'झाड की! मुंग्या येलालेत, दिसत नाहीत काय तुला?' चादर झटकली, गादी उलटली. मुंग्या जाईनात.

दुपारी तो उठून बसला आणि हवेत हात चालवू लागला. डाव्या हाताची दोन बोटं चिमटीत, उजव्या हातानं गाठ, अंगठ्यानं दाबून पुढे. पुन्हा तेच. थोरल्या मुलाला कळलं : बाप मागावर उभा होता, तुटलेलं सूत जोडत होता. वीस वर्षं जे हातांनी केलं तेच हात करत होते. डॉक्टरांच्या पुस्तकात याचं वर्णन आहे : शिंपी हवेत टाके घालतो, ड्रायव्हर हवेत स्टिअरिंग फिरवतो. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. शेवटच्या घोटानंतर दोन ते चार दिवसांत ती गाठते. दारू तुटलेल्या शंभरांत पाचेक जणांनाच, पण ते पाच कोण हे आधी सांगता येत नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणारा, आधी कधी फेफरं आलेला, अंगात दुसरं दुखणं असलेला, अशांना भीती जास्त.

गल्लीचं निदान झालं होतं : बाहेरची बाधा. अंगारा आला. तो उठून पळू लागला म्हणून जुन्या लुगड्यानं त्याला खाटेला बांधलं. एकानं ओळखीतून सलाइनची बाटली मिळवली आणि ग्लुकोज चढवलं. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, आधी न देता उपाशी दारुड्याच्या शरीरात ग्लुकोज ढकलणं धोक्याचं. उरलंसुरलं थायमिन त्यात खर्ची पडतं, डोळे फिरतात, चाल जाते, स्मृतीला भोक पडतं. ते कायमचंही राहू शकतं. हेतू चांगलाच होता.

तास ७०. मंगळवार, रात्री ८

टीव्हीवर पंतप्रधान. रात्री बारापासून एकवीस दिवस संपूर्ण देश बंद. घरातले सगळे पडद्याकडे बघत होते. खाटेवरचा माणूस घामानं निथळत होता, नाडी मोजता येणार नाही इतकी जोरात, हात बांधलेले आणि बोटं अजून सूत जोडत होती.

थोरला म्हणाला, १०८ ला फोन करू. आजी म्हणाली, कोरोना म्हणून उचलून नेतील, परत तोंड दिसायचं नाही.

तास ७७. बुधवार, पहाटे ३

शांत झाला. सगळ्यांना वाटलं, उतरलं.

तास ८०. बुधवार, २५ मार्च, सकाळी ६

उगादीच्या पच्चडीसाठी भिजवलेली चिंच वाटीत होती. शेजारी गूळ आणि कडुनिंबाचा फुलोरा. बायको त्याला उठवायला गेली.

अशा मृत्यूत लिव्हर एकटं दोषी नसतं. ताप, घामानं आटलेलं पाणी, बिघडलेले क्षार, बेताल झालेलं हृदय, कधी श्वासनलिकेत गेलेली उलटी. उपचाराची सोय नव्हती त्या काळी या अवस्थेतल्या शंभरांपैकी तीस-पस्तीस दगावत. आज वेळेत दवाखान्यात पोचलेल्यांपैकी पाचही जात नाहीत. लागतं काय? डायझेपाम किंवा लोराझेपामच्या जातीचं औषध, सैल पडलेला लगाम काही दिवस हातात धरायला. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन. पाणी, क्षार, आणि पाच-सात दिवस नजर ठेवणारं माणूस. यातलं महाग काहीच नाही. मात्र या गोळ्या डॉक्टरांच्या हातूनच घ्यायच्या : मनानं घेतल्या तर त्यांचीही सवय लागते आणि दारूवर घेतल्या तर श्वास थांबतो.

हे वाचून एखादा पठ्ठ्या उद्या बायकोला सांगेल, 'बघ, छापून आलंय, एकदम सोडू नये.' आणि बाटली उघडेल. त्याला सांगा की एकदम सोडायचीच आहे, फक्त घरात कोंडून नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

घरात रोज पिणारं कुणी असेल आणि एके दिवशी बाटली थांबली, त्यानं थांबवली, तुम्ही थांबवली किंवा कर्फ्यूनं थांबवली, तर आनंद जरूर करा. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं तारीख आणि वेळ लिहा, आणि हात कापायला लागले की त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. फेफरं आलं, भास सुरू झाले किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ बोलवा. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली, तर कॅलेंडर बघून तास सांगा.