पुठ्ठ्यावरची लिपी

परवा माझा मुलगा संगणकावर प्रोग्राम लिहिण्यासाठी नवा एडिटर बसवत होता. तो म्हणाला, "अब्बा, हा स्वतंत्रही बसतो आणि आधीच्या सॉफ्टवेअरला जोड म्हणूनही." मला सोलापूरचा माग आठवला.

जकार्ड हा निराळा माग नव्हे. मागाच्या माथ्यावर बसवायची ती जोड आहे. फ्रान्समधील लियोंच्या जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमारास ती सिद्ध केली. साध्या मागाला ती जोडली, की चादरीवर मोर उतरतो. पुठ्ठ्याच्या पत्त्याला जिथे भोक असते तिथे सुई आत जाते, हुक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका धाग्याला एक पत्ता, असे शेकडो पत्ते ओवून माळ होते. माळ बदलली की नक्षी बदलते. माग तोच राहतो.

इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हेच पत्ते योजले. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही, पण 1843 मध्ये एडा लव्हलेस यांनी त्यावर लिहिलेली टिपणे संगणकाच्या इतिहासात अजरामर झाली.

पत्ते मागावर पाडत नाहीत. ते काम वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाचे. माझे अब्बा ते करीत. समोर चौकटींच्या कागदावरचा नकाशा, एकेक ओळ वाचायची आणि भोके पाडायची. म्हणजे लिहिण्याचे साधन स्वतंत्र आणि वाचणारी जोड मागावर, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

एकदा मोराच्या मानेत एक भोक चुकले. माळ फिरत राहिली आणि चादरीमागून चादरीत तोच डाग उतरला. मालकाने आठवड्याची मजुरी कापली. अब्बांनी रात्री कंदिलाजवळ बसून त्या भोकावर कागद डकवला. पत्ता दुरुस्त झाला, मजुरी परत आली नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले. त्यात पुठ्ठा लागत नाही. नक्षी संगणकावरच तयार होते. 2005-06 मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशन मिळाले, तेव्हा गावाचे नाव कागदोपत्री कायम झाले.

आपल्या घरी सोलापुरी चादर असेल तर तिची कड पाहा. पुष्कळदा तिथे कारखान्याचे नाव विणलेले असते. जुन्या चादरींवर ती अक्षरेही अशीच भोके पाडून उतरली. ती पाडणाऱ्याचे नाव मात्र कुठल्याच कडेवर नाही.