मूत्रपिंड कर्करोगाचा स्वादुपिंडातील उशिरा प्रसार

मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे स्वादुपिंडात रुजून, मूळ मूत्रपिंड काढल्यानंतर अनेक वर्षांनी तेथे दुय्यम गाठी दिसू लागणे. असा प्रसार बहुधा स्वच्छपेशी प्रकारच्या कर्करोगात होतो. शस्त्रक्रिया आणि प्रसार यांतील अंतर पुष्कळदा दहा वर्षांहून अधिक असते. वीस वर्षांनंतरचे रुग्णही नोंदलेले आहेत. इतर अवयव मोकळे ठेवून हा रोग स्वादुपिंडच का निवडतो, याचा पुरता उलगडा झालेला नाही. कर्करोगाची पेशी हे बी असून ते अनुकूल अवयवाच्या मातीतच रुजते, हा स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये मांडलेला ‘बी आणि माती’ सिद्धांत येथे आजही विचारात घेतला जातो.

निम्म्याच्या आसपास रुग्णांना काहीच त्रास नसतो आणि गाठ तपासणीत अवचित सापडते. इतरांत पोटदुखी, कावीळ, वजन घटणे किंवा आतड्यात रक्तस्राव आढळतो. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असल्याने सीटी स्कॅनच्या धमनी टप्प्यात त्या उजळ दिसतात. चेता-अंतःस्रावी अर्बुदेही तशीच दिसतात, म्हणून येथे चूक सहज होते. दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईने घेतलेल्या नमुन्यावरून निदान पक्के होते.

स्वादुपिंडातच उगम पावलेल्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा याचे भवितव्य खूपच चांगले असते, ही रुग्णाला आवर्जून सांगावी अशी गोष्ट आहे. गाठी मर्यादित असल्यास शस्त्रक्रिया, अन्यथा सुनिटिनिबसारखी रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे देतात. पूर्वी मूत्रपिंड काढले असल्यास, कितीही वर्षे लोटली तरी, ते डॉक्टरांना सांगावे.