टप बदलला, तरी पाणी आत!

1980 साली ब्रिटिश एमजीबी बंद झाली. मग 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोत माझदाची एमएक्स-5 आली आणि उघड्या टू-सीटरची मजा परतली. तिचा कापडी टप सीटवर बसूनच उघडता यायचा. मागची खिडकी मात्र प्लास्टिकची, चेनने जोडलेली. टप दुमडण्याआधी चेन उघडायची असते. न्यू जर्सीच्या थंडीत मी विसरलो, खिडकी तडकली.

दोन दिवस खपून, रिव्हेट काढून नवा टप स्वतः बसवला. पहिल्याच पावसात पाणी आत! टपाखालची पन्हळ पाणी सीटमागच्या नळ्यांत सोडते. त्या पानांनी तुंबलेल्या. 1998 च्या मॉडेलला काचेची खिडकी आली, नळ्या राहिल्याच. आधी त्या साफ करा, नाहीतर पत्रा आतून गंजतो.