छपराखालचा कायदा आणि वावरातला मजूर

जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या तोंडाशी घाटघर आहे. पाऊस मुबलक, पण भात निघाला की हाताला काम नाही. मग या पट्ट्यातला आदिवासी माणूस खाली नारायणगावच्या मजूर बाजारात उभा राहतो आणि द्राक्ष-टोमॅटोच्या वावरात जातो. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखावर भरपूर लिहून झालं आहे. या मजुराच्या पाठीवरच्या पंपाबद्दल कोण लिहिणार?

वतनी महाराला रात्रंदिवस राबवलं जातं, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल आणताना मांडलं. मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, त्यांनी कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर आणला. त्याच वर्षी किमान वेतनाचं विधेयक मांडलं आणि १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात शेतीकाम आलं. मजुरी निदान कागदावर तरी बांधापर्यंत पोचली. तब्येत मात्र पोचली नाही. १९४८ चाच कारखाने कायदा कामाच्या जागेचं तापमान, पिण्याचं पाणी, विषारी वायू या सगळ्याचा विचार करत होता, पण छपराखालीच. वावरातलं ऊन कायद्याला दिसलं नाही. वावरात कोणत्या जातींची माणसं राबत होती ते पाहिलं, की न दिसण्याचं कारण कळतं.

विषाचा कायदाही मजुरासाठी जन्मला नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं अन्न खाऊन शंभरावर माणसं दगावली, चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याखालच्या १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी सगळं आहे. तरी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. सरकारी तपास पथकाने काळजी न घेतल्याचा ठपका फवारणाऱ्यांवरही ठेवला! भर उन्हात रबरी कपडे घालून कोण किती वेळ टिकेल? घाम आणि विष एकाच कातडीवर असतं, म्हणून हे दोन वेगळे प्रश्न मानताच येत नाहीत.

कॅलिफोर्नियातही द्राक्षंच होती. १९६५ ला फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी संप केला, बहिष्कार चालवला आणि १९७० च्या करारांत डीडीटीसारख्या औषधांवर बंदी लिहून घेतली. २००५ मध्ये तिथे उन्हाचे नियम आले: सावली, पाणी, विश्रांती. हे संघटनेने मिळवलं.

आपल्याकडे २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता मुख्यतः दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. बागेत चार जणांची टोळी असते, रोज नवा मालक. शिवाय विष बांधावर थांबत नाही. फवारणीचे कपडे घरी येतात, बाई ते पोरांच्या कपड्यांसोबत धुते, रिकामा डबा पाण्याला वापरला जातो. ही बाई तर कुठल्याच कायद्यात मजूर नाही.

म्हणून मागणी मजूर बाजारापासून सुरू व्हावी. औषधाचं नाव मराठीत सांगितल्याशिवाय पंप उचलायचा नाही, दुपारची फवारणी बंद, कपडे मालकाकडेच धुतले जावेत आणि रिकामे डबे दुकानदाराने परत घ्यावेत.