माजोर्ड्याचा कंडक्टर

आमच्या मालवणात कंडक्टर म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. खाकी कपड्यातला, कुडाळ-मालवण एस.टी.त तिकिटाचा पंच टकटकवणारा. त्यामुळे ऑफिसातल्या एका मित्राने परवा ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरवर माझं बौद्धिक घेतलं (बिथोवन, झुबिन मेहता वगैरे वगैरे), तेव्हा मी गुपचूप ऐकून घेतलं. मनात म्हटलं, हे काही आपल्याकडचं काम नव्हे.

आणि मग कळलं की आपल्याच बाजूच्या एका कंडक्टरचं नाव मी शाळेपासून गुणगुणतोय!

'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं आठवा. त्यात तो जे नाव सांगतो ते यमकासाठी जुळवलेलं नाही. अँथनी गोन्सालविस नावाचा माणूस खरंच होता. जन्म १९२७, गाव दक्षिण गोव्यातलं माजोर्डा. कुडाळहून रेल्वेने मडगावला जाताना जरा आधी छोटंसं स्टेशन लागतं ना, तेच.

वडील गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असायच्या आणि तिथे प्रार्थनेसाठी म्हणून पोरांना पाच रेघांवरचं नोटेशन वाचायला, व्हायोलिन धरायला शिकवत. हेतू धार्मिक, पण परिणाम असा की गावोगाव कागदावरचं संगीत वाचणारी माणसं तयार झाली. तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे आमच्याकडे काय होतं? दशावतार, भजनं, पायपेटी. संगीत भरपूर, कागद शून्य. माझे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेले, आणि त्यांच्या बऱ्याच चाली त्यांच्याबरोबरच गेल्या. एकही कुठे लिहिलेली नव्हती.

असो. गोन्सालविस मुंबईला आले आणि १९४३ मध्ये नौशादकडे व्हायोलिन वाजवायला लागले. तेव्हाची रेकॉर्डिंगची पद्धत मोठी गमतीची होती. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार. पण समोर बसलेल्या व्हायोलिनवाल्यांनी, सेलोवाल्याने, ट्रंपेटवाल्याने नक्की काय वाजवायचं? ते सगळं कागदावर उतरवायचं काम अरेंजरचं. पुष्कळदा पुढे उभं राहून हाताने ताल दाखवत ते वाजवून घ्यायचं कामही त्याचंच. हे अरेंजर बहुतेक गोंयकार. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, आणि हे. तबकडीवर मात्र नाव संगीतकाराचं. दुसऱ्याच्या डेमोसाठी रात्रभर जागून कोड लिहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण गोन्सालविसना नुसतं दुसऱ्याच्या चालींना कपडे शिवायचे नव्हते. मुंबईत पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आधीपासून होताच. झुबिनचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. तिथे वाजायचं ते युरोपातलं. गोन्सालविसना राग हवा होता, आणि तोही अख्ख्या ऑर्केस्ट्रावर.

हे किती अवघड आहे बघा. आपला राग म्हणजे एका वेळी एक स्वर, सगळी मजा त्या एका रेषेत. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा स्वरांचे थर रचतो. सगळ्यात साधा थर म्हणजे सा-ग-प. आता त्यांनी कॉन्सर्टोसाठी निवडलेल्या रागांपैकी एक होता सारंग, आणि सारंगात गंधार वर्ज्य! म्हणजे घराची पहिली वीटच नाही. प-नी-रे चालतं, कोमल नीवर नी-रे-म चालतं, पण 'सा'वर घर बांधायला गेलात की राग मोडतो. एकाच्या व्याकरणात दुसऱ्याची चूक होते. त्यांनी यातून वाट काढली आणि ती स्वतः लिहून काढली.

१९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. ११० वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे, आणि समोर छडी घेऊन आमचे माजोर्डेकर. रोज दुसऱ्यांच्या गाण्यात बिननावाने वाजवणारी माणसं त्या संध्याकाळी चेहऱ्यानिशी लोकांसमोर बसली होती. (टाइम मशीन मिळालं तर मी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर थेट इथेच येईन.)

पुढे १९६५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. फिल्म इंडस्ट्री सुटली ती सुटलीच. परत आले ते माजोर्ड्यालाच, आणि तिथेच शांतपणे राहिले.

मग ते गाणं कसं आलं? लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल हे गोन्सालविसांचे व्हायोलिनचे शिष्य. सांगतात की पात्राचं मूळ आडनाव फर्नांडिस होतं, ते चालीत बसेना, तेव्हा प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव सुचवलं. गुरुदक्षिणा म्हणून मोठीच. पण मला थोडं वाईटही वाटतं. ज्याची कामं बिननावाची राहिली त्याचं नाव घरोघरी पोचलं, ते मात्र कामाशिवाय. आजोबांचं लिहिलेलं नव्हतं म्हणून गेलं, हे समजू शकतो. गोन्सालविसांनी तर सगळं लिहिलं होतं. तरी त्या सारंगाची एक ओळ मला गुणगुणता येत नाही, आणि अंड्यातलं गाणं पाठ आहे.

जानेवारी २०१२ मध्ये ते गेले.

हे सगळं मी रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा अमिताभचे जुने फॅन. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे तो खरोच माणूस होतो?"

म्हटलं, होय बाबा. आणि कंडक्टर होतो.

"खंयच्या डेपोत?"