आकड्याशेजारचं साल

आपल्याकडे ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ऐकणारा गप्प होतो. पण परळच्या त्या हॉस्पिटलच्या मुळाशी एका नवऱ्याचं दुःख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शाळेत इतिहास शिकवताना मीसुद्धा दोराबजी टाटांचं नाव पोलादाच्या कारखान्यापुरतंच घेत असे. त्यांच्या पत्नीची, मेहेरबाईंची, माझी ओळख झाली ती निवृत्तीनंतर आणि वेगळ्याच कारणाने.

मेहेरबाई म्हणजे साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या बाई. जून १९३१ मध्ये वेल्समधल्या रुथिन इथे त्या ल्युकेमियाने गेल्या. ल्युकेमिया म्हणजे शब्दशः ‘पांढरं रक्त’. हे नाव बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोने १८४७ साली दिलं. म्हणजे नाव मिळून चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती, पण हाताशी खरं औषध नव्हतं. सोमल, क्ष-किरण, असले उपाय करून रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही काळ कमी होत, आजार जात नसे. दोराबजींकडे पैशाला तोटा नव्हता, पण त्या पैशाने विकत घेण्यासारखं काही जगात नव्हतंच.

मूलबाळ नव्हतं. बाई गेल्यावर त्यांनी एप्रिल १९३२ मध्ये ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला, तो ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगभरातल्या संशोधकांना आणि उरलेला भारतातल्या कामाला. स्वतःची जवळजवळ सगळी मालमत्ता त्याआधी मार्चमध्येच त्यांनी दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली होती. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. बायकोच्या मागे एक वर्षही ते राहिले नाहीत. त्यांच्या ट्रस्टने बांधलेलं हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं.

हे सगळं मी वाचलं ते २०१२ नंतर. त्या वर्षी डिसेंबरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ह्यांचं रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. पोटात डाव्या बाजूला जड वाटतं, अशी ह्यांची तक्रार होतीच. ती वाढलेली प्लीहा होती. निदान झालं : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. नातेवाइकांनी त्यातला ‘ब्लड कॅन्सर’ तेवढा ऐकला. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी पपईची पानं. एकीने तर माझ्या हातावर हात ठेवून, आता मुलाला अमेरिकेहून बोलावून घ्या, असं सांगितलं.

मी डॉक्टरांना विचारलं, “किती वर्षं?” ते म्हणाले, “गोळीला रक्त कसं उत्तर देतंय ते बघू.” एवढंच. घरी एका जुन्या वैद्यकीय पुस्तकात मला आकडा सापडला : तीन ते पाच वर्षं. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. पण पहाटे जन्मभराची सवय कामी आली. साधन कोणतंही असो, आधी त्याचा काळ बघायचा, असं मी मुलांना शिकवत आले होते. पुस्तकाचं पहिलं पान उलटलं. ते १९९१ साली छापलेलं होतं.

मग मधल्या काळात काय घडलं ते शोधत बसले. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते आखूड का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी उलगडलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले होते. गुणसूत्रांच्या छायाचित्रांची कात्रणं त्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडत आणि त्यांची मुलं त्यांना ‘कागदाच्या बाहुल्या खेळतेस’ म्हणून चिडवत! या अदलाबदलीतून पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देणारं एक प्रथिन तयार होतं. त्याचं तोंड बंद करणारी गोळी, इमॅटिनिब, ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. म्हणजे माझ्या पुस्तकातली माणसं या गोळीच्या आधीची होती. तो आकडा खरा होता, पण ह्यांचा नव्हता.

टाटांच्या पैशाने ही गोळी निघाली, असं मला म्हणायचं नाही. पण उत्तर जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून येईल हे माहीत नसताना दोराबजींनी आपला पैसा बाहेर पाठवला, यातलं शहाणपण मला तेव्हा कळलं.

गोळी होती, पण परवडायला हवी ना! मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या वर सांगितला जाई, तर भारतीय कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. ती बातमी मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. कायद्यातलं आम्हाला फारसं कळलं नाही, पण पेन्शनीत औषध बसणार एवढं कळलं.

तेव्हापासून माझं काम साधं आहे. जेवणानंतर मोठा ग्लासभर पाणी आणि गोळी. एकही दिवस चुकवायचा नाही. तीन महिन्यांनी तपासणी, वहीत नोंद. पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, चिडचिड होते. ह्यांची आणि माझीही. २०१९ मध्ये ही गोळी पुरेनाशी झाली, तेव्हा दुसरी सुरू केली. ती ऐंशीच्या दशकात निदान झालेल्या कुणाच्या नशिबात नव्हती. तिचा गुण आला. पुढे काय, ते आजही कुणी सांगत नाही आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस आजही जेवण गोड लागत नाही.

आता नवा आकडाही मला ठाऊक आहे. पहिल्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे त्र्याऐंशी जण दहा वर्षांनी हयात होते. पण तीही २०००च्या सुमारास औषध सुरू केलेली माणसं. कुठलाही आकडा होऊन गेलेल्यांचाच असतो. आपल्या माणसाचा अजून कुणी मोजलेला नसतो.

असो. तुमच्या घरी असं काही उद्भवलं आणि कुणी वर्षांचा आकडा सांगितला, तर घाबरायच्या आधी त्याच्याशेजारचं साल विचारा. आणि गोळी वेळेवर द्या.